वाशीममध्ये मेट्रो शिकवताना

मी काय करते असं कुणी विचारलं की आताशा मी ‘इंग्रजी शिकवते’ असं सांगून मोकळी होते. खरं तर मी स्पॅनिश शिकवते. पण वाशीममध्ये हे सांगितलं की पुढचा अर्धा तास हातचा जातो. ती कुठली भाषा, कोण बोलतं, शिकून काय मिळतं, इथं कोण येतं शिकायला, आणि सरतेशेवटी, तुम्हाला स्वतःला बोलता येते का? मागे एकदा एका दाखल्यासाठी कचेरीत गेले होते. खिडकीपलीकडच्या माणसानं काहीतरी बोलून दाखवा म्हणून हट्टच धरला. माझ्यामागे ही रांग. मी आपलं ‘या सगळ्यांना उशीर होतोय’ असं स्पॅनिशमध्ये म्हटलं. तो खूश झाला आणि अजून एक म्हणा म्हणाला. त्या दिवसापासून मी इंग्रजीची बाई झाले.

जन्म माझा इथलाच. स्पॅनिश पुण्यात शिकले, यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करत तिथंच बरीच वर्षं काढली, आईचं दुखणं निघालं तेव्हा परत आले. आई गेली, मी राहिले, आणि पाटणी चौकामागे एका कापड दुकानाच्या वरच्या खोलीत वर्ग काढला. माझा इतिहास एवढाच. तो इथं संपवते, कारण संपादकांनी अनुभव मागितलेत आणि अनुभव माणसांचे येतात.

तर माणसं येतात. थोडी येतात, पण येतात. एक आडत्या आला होता. त्याला फक्त आकडे हवे होते, बाकीची भाषा त्याला अडगळ वाटायची. ‘तुम्ही कसे आहात’ शिकवायला लागले की तो घड्याळ बघायचा. एक निवृत्त मुख्याध्यापक होते. डॉक्टरांनी मेंदूला काम द्या म्हणून सांगितलं, त्यांनी मेंदू माझ्याकडे आणला. गृहपाठ चोख करायचे, पण फळ्यावर मी मराठीत काही लिहिलं की उठून येऊन माझ्या वेलांट्या दुरुस्त करायचे. आणि एक लग्न ठरलेली मुलगी होती, तिचा होणारा नवरा तिकडं स्पेनमध्ये हॉटेलात स्वयंपाकी होता. ती मात्र मनापासून शिकली. जाऊन महिना झाल्यावर तिनं फोन केला. मी मोठ्या आशेनं विचारलं, मेट्रोत बसलीस का? नाही म्हणाली, सगळं पायी अंतरावर आहे.

मी मेट्रोचं का विचारलं ते सांगायला हवं, कारण माझ्या धंद्यातला सगळा शीण त्या एका धड्यात आहे. नवशिक्यांचं कुठलंही पुस्तक उघडा. आधी नमस्कार-चमत्कार, मग घरची माणसं, मग खाणंपिणं, आणि लगेच शहरातला प्रवास. मेट्रो, बस, ट्राम, थांबा, तिकीट, गाडी बदलणं. पुस्तक लिहिणाऱ्याला वाटतं की जगातला प्रत्येक माणूस सकाळी उठून मेट्रोनं कामावर जातो. त्यात प्रश्न असतो, ‘कोमो बास आल त्राबाखो?’ म्हणजे तू कामावर कसा जातोस? माझ्या वर्गात आडत्या म्हणायचा पायी, मुख्याध्यापक म्हणायचे मी कुठं कामावर जातो आता, आणि ती मुलगी म्हणायची मोटारसायकलवर भावाच्या मागे. धडा पाच मिनिटांत आटोपायचा. पुस्तकातली उरलेली पानं माझ्याकडे बघत बसायची.

म्हणून मी वाशीमला मेट्रो आणली. फळ्यावर तांबड्या खडूनं एक रेघ रेल्वे स्टेशनपासून अकोला नाक्यापर्यंत, निळ्या खडूनं दुसरी रिसोड नाक्यापासून पुसद नाक्यापर्यंत, आणि पाटणी चौकात गाडी बदला. सगळे हसायचे, पण बोलायचे. मुख्याध्यापकांनी त्यांच्या वसाहतीजवळ स्टेशन का नाही म्हणून रीतसर हरकत घेतली आणि मी एक स्टेशन वाढवून दिलं. दर तुकडीला मी ही मेट्रो नव्यानं काढते आणि वर्ग सुटला की पुसते. पहिल्यांदा मजा आली होती. आता खडू हातात घेतला तरी खांदा दुखतो. जे गाव आपल्याला दिसत नाही त्याचे रस्ते आपण दुसऱ्याला किती वर्षं सांगायचे, असं होऊन जातं.

अशाच कंटाळलेल्या दिवसांत सुखदेव आला.

दुपारी वर्ग रिकामा होता. दाराबाहेर चपला काढून एक माणूस उभा राहिला. चाळिशी ओलांडलेला, खाकी शर्ट, गळ्यात दस्ती, म्हणजे मोठा रुमाल. मी ओळखलं. अनसिंगला माझी मावशी राहते, तिच्याकडे मी दर रविवारी जाते, आणि पुसद नाक्यावरून अनसिंगला जाणाऱ्या जीपगाड्यांपैकी एक या सुखदेवची. आमच्याकडे त्यांना काळी-पिवळी म्हणतात. रंग काळा आणि पिवळा, माणसं मावतील तितकी, आणि न मावलेली बाहेर लटकलेली. मला वाटलं मावशीचं काही झालं. म्हटलं, काय रे, मावशी बरी आहे ना? तो म्हणाला मावशी बरी हाय, मले स्पॅनिश शिकाची हाय.

मी त्याला पाणी दिलं आणि मग सगळं विचारून घेतलं. स्पेनमधल्या एका शहरात बस चालवायला माणसं कमी पडताहेत. नागपूरचा एक एजंट ड्रायव्हर शोधत होता. सुखदेवनं जीप घेण्याआधी पुष्कळ वर्षं ट्रक चालवला होता, जड वाहनाचं लायसन्स त्याच्याकडे होतं. कागदपत्रं पास झाली. आता एकच गोष्ट राहिली होती. तिकडची एक बाई संगणकावर समोरासमोर साध्या स्पॅनिशमध्ये बोलणार, अगदी नवशिक्यासारखं. त्यात जमलं तर पुढची भाषा कंपनी तिकडे नेऊन शिकवणार. नाही जमलं तर दुसरा माणूस. विषय काय, तर शहरातला प्रवास. म्हणजे माझा तोच धडा. मला हसावं की रडावं कळेना.

तुला कायला जायचंय तिकडं, मी विचारलं. पोरं, बायको, गाव सोडून? मला वाटलं पगाराचं सांगेल.

“मॅडम,” तो म्हणाला, “मले एक डाव टायमावर निंगनारी गाडी चालवाची हाय.”

हे ज्यानं पुसद नाक्यावर कधी वाट पाहिली नाही त्याला कळणार नाही. काळी-पिवळीला वेळ नसतो. ती भरली की निघते. पूर्वी ती भरायला वेळ लागत नसे. आता घरोघरी मोटारसायकल आली, आणि सुखदेवचा अर्धा दिवस नाक्यावर उभं राहण्यात जातो. आत चार माणसं बसली की त्यांना धरून ठेवायचं, आणखी चार मिळवायची. तोवर पहिल्यातली दोन वैतागून उतरतात. म्हणून इंजिन चालू ठेवायचं, गाडी दोन हात पुढं घ्यायची, पुन्हा मागं आणायची, आणि ‘निंगाली, अनसिंग निंगाली’ असं ओरडत राहायचं. निघालेली नसतेच. दिवसभर खोटं बोलून आवाज बसतो, तो मला सांगत होता. घरी गेल्यावर बायकोशी बोलायला आवाज उरत नाही. मला माझं ‘इंग्रजी शिकवते’ आठवलं. मी त्याला दुसऱ्या दिवसापासून ये म्हटलं.

आता शिकवण्याचं थोडं सांगते. भाषा शिकवणं म्हणजे शब्द पाठ करून घेणं असं लोकांना वाटतं. शब्द कुणालाही पाठ होतात. कठीण असतं ते पुढचं. विद्यार्थी समोरच्याचं वाक्य ऐकतो, मनात त्याचं मराठी करतो, मराठीत उत्तर जुळवतो, मग त्याचं स्पॅनिश करतो आणि तोंड उघडतो. तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असतो. मधली मराठी कधीतरी गळून पडावी आणि वाक्य सरळ आत जावं, यासाठी आमची सगळी धडपड. बहुतेकांचं ते होत नाही. ते परीक्षा पास होतात, परदेशी जातात, तिथं राहतात, तरी होत नाही. माझ्या समोर ते कुणाचं झालेलं मी पाहिलं नव्हतं. काही वर्षांनी मी त्याची वाट बघणंही सोडून दिलं होतं.

सुखदेव हुशार होता असं नाही, पण नेटानं शिकायचा. मी म्हटलेली वाक्यं फोनमध्ये भरून न्यायचा आणि नाक्यावर गाडी भरेपर्यंत ऐकत बसायचा. त्यामुळे मागे बसलेल्यांनाही ती ऐकावी लागायची. अनसिंगची एक भाजीवाली उतरताना त्याला ‘अदियोस’ म्हणायला लागली. पहिल्याच आठवड्यात तो माझ्यावर रुसला, कारण स्पॅनिशमध्ये गाडी चालवणाऱ्याला ‘कोन्दुक्तोर’ म्हणतात. मी ड्रायव्हर आहो, कंडक्टर नाई, म्हणाला. समजूत घालता घालता माझी दुपार गेली.

वेळेचा धडा आला तेव्हाची गोष्ट मला चांगली आठवते. पुस्तकात वाक्य होतं, बस आठ वाजून दहा मिनिटांनी सुटते. त्यानं ते दोनदा म्हटलं आणि थांबला. रिकामी असली तरी सुटते का, त्यानं विचारलं. हो म्हटलं. एकही सीट, म्हणजे प्रवासी, नसली तरी? तरी. तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. खाली रस्त्यावर ऑटोवाले ओरडत होते. मग तो हळूच म्हणाला, मंग तो ड्रायव्हर मनानं शांत असन, मॅडम. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की याला तिकडे पोचवायचंच. इतक्या वर्षांत एखाद्या विद्यार्थ्यानं पुस्तकातली बस खरी मानलेली मी पाहिली नव्हती. मी स्वतःसुद्धा ती मानत नव्हते.

गाडी अडली ती वेगळ्याच ठिकाणी. एजंटनं फोन करून सांगितलं की ती बाई शेवटी प्रवासी बनून बोलेल. थांबा नसलेल्या ठिकाणी गाडी थांबवा म्हणेल. तेव्हा नाही म्हणायचं. कंपनी या एका गोष्टीबद्दल फार कडक आहे, बाकी चुका चालतील. मला वाटलं सुटलो. ‘नाही’ला स्पॅनिशमध्ये ‘नो’ म्हणतात, आणि तेवढं तर आमच्याकडे शेंबड्या पोरालाही येतं. मी सुखदेवला वाक्य दिलं, ‘लो सिएन्तो, सेन्योरा. सोलो एन ला पारादा.’ माफ करा बाई, फक्त थांब्यावर. त्यानं ते घडाघडा म्हणून दाखवलं. मग मी प्रवासी झाले आणि म्हटलं, इथं थांबवता का हो जरा?

“सी, सेन्योरा,” सुखदेव म्हणाला. हो बाई.

मी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. अरे, नाही म्हणायचंय. हो मॅडम. मग पुन्हा, सी सेन्योरा. मला वाटलं गंमत करतोय. पण त्याचा चेहरा ओशाळलेला होता.

वाशीम ते अनसिंग रस्त्यावर थांबे कागदावर असतील. प्रत्यक्षात बाभळीजवळ, खदानीजवळ, मारुतीच्या पारापाशी, अमक्याच्या शेताच्या धुऱ्यापाशी, जिथं माणूस म्हणेल तिथं गाडी थांबते. रस्त्याच्या कडेला कुणी हात दाखवला आणि ड्रायव्हर तसाच निघून गेला, तर ती गोष्ट त्या गावात वर्षानुवर्षं सांगितली जाते. आतली जागा संपली असली तरी थांबून, मान बाहेर काढून, जागा नाही बरं का मावशी, एवढं तरी सांगून जायचं. जीपवाल्याला दुसरी कुठली इभ्रत नसते, ही एक असते. तीच आता मी त्याच्याकडून काढून घ्यायला निघाले होते.

पण मी शिक्षिका आहे, हट्टी आहे. रोज नवी सोंगं आणली. गुडघे दुखताहेत, हातात पिशव्या आहेत, झोप लागली आणि थांबा मागं गेला. सुखदेव प्रत्येक वेळी गाडी थांबवायचा. मी चिडून म्हटलं, अरे बाबा, हे नुसतं वाक्य आहे, खरी गाडी कुठं आहे इथं? तुला नुसतं बोलायचंय. तो विचार करून म्हणाला, मंग तोंडानं नाई म्हनाचं आन थांबाचं, असं चालते का?

चालत नाही हे त्याला सांगितलं, पण रविवारी त्यानं तेच केलं. मावशीकडे चालले होते. तिची गल्ली आली तशी मी मुद्दाम स्पॅनिशमध्ये थांबवायला सांगितलं. त्यानं मोठ्यानं, अगदी स्वच्छ उच्चारात, फक्त थांब्यावर बाई, असं म्हटलं, आणि म्हणता म्हणता गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी केली. आतले सगळे हसले. मी उतरले आणि मावशीला सांगितलं की हा माणूस माझा जीव घेणार आहे.

शेवटी डोळे मिटण्यानं काम झालं. डोळे मिटले की त्याला नाही म्हणता येत होतं. मग भिंतीकडे बघून म्हणवून घेतलं. मग माझ्या कपाळाकडे बघून. बरेच दिवस गेले, माझा घसा गेला, आणि एके दिवशी त्यानं सरळ माझ्या डोळ्यांत बघून ‘लो सिएन्तो, सेन्योरा’ म्हटलं. कोरडं, सरकारी, पाहिजे तसं. मी टाळ्या वाजवल्या. तो काही हसला नाही. निघताना तो म्हणाला की हे वाक्य म्हटलं की तोंडाला चव राहत नाही. सवय होईल, मी म्हटलं.

मुलाखत माझ्याच खोलीत झाली, माझ्या लॅपटॉपवर. आमच्याकडची दुपार, तिकडची सकाळ. सुखदेव पांढरा शर्ट घालून आला होता, दस्ती बाहेर बाकावर ठेवायला लावली. मी पडद्यात दिसणार नाही अशी बाजूला बसले. बोलायची मला मनाई होती. समोर पिकल्या केसांची एक बाई आली. चष्मा, बसलेला आवाज, डोळ्यांखाली काळं. रात्रभर झोपली नसावी असा चेहरा. मला ती बघताक्षणी आपली वाटली, कारण कंटाळलेली शिक्षिका मी आरशात रोज बघते.

तिनं नाव विचारलं, घरी कोण कोण, गाव कुठलं. सुखदेवनं सांगितलं. काम काय, कामावर कसा जातोस, बस केव्हा सुटते. आठ वाजून दहा मिनिटांनी, तो ऐटीत म्हणाला. ती मान डोलवत होती. सगळं ठीक चाललं होतं, माझ्या अपेक्षेपेक्षाही ठीक.

मग ती म्हणाली की आता मी प्रवासी आहे. तिनं चष्मा काढून ठेवला. मी या क्षणाची पुष्कळ सोंगं त्याला दाखवली होती, पण माझी सगळी नाटकी होती, हातवारे करून केलेली. या बाईनं काहीच केलं नाही. खालच्या आवाजात, जरा घाईनं, ती म्हणाली की इथं थांबवा ना, माझी आई आजारी आहे, घर इथंच आहे, हे दार. एवढंच. सोपी, नवशिक्यांची वाक्यं. एकही शब्द असा नव्हता की जो मी शिकवला नव्हता.

सुखदेव तिच्याकडे बघत होता. मी मनात वाक्य म्हणायला सुरुवात केली, लो सिएन्तो, लो सिएन्तो. टेबलाखाली त्याचा उजवा पाय हळूहळू फरशीवर दाबला गेला.

“सी, सेन्योरा,” तो म्हणाला. “देस्पासिओ.”

हो बाई. सावकाश. आमच्या रस्त्यावर म्हातारी माणसं उतरताना तो हेच म्हणतो, सावकाश उतरा.

बाई थबकली. ती भली होती, तिनं त्याला दुसरी संधी दिली. इथं थांबा नाहीये, ती म्हणाली. बघा हं, नाहीये थांबा. इतक्या स्पष्ट खुणेनंतर कुणीही सावरलं असतं. सुखदेवनं मान हलवली.

“नो आय पारादा,” तो तिला समजावल्यासारखं म्हणाला. “पेरो सु माद्रे एस्ता एन्फेर्मा.”

थांबा नाही, पण तुमची आई आजारी आहे. हे वाक्य पुस्तकात नव्हतं, मी दिलेलं नव्हतं. बाईनं ‘माझी आई’ म्हटलं होतं, त्यानं ‘तुमची’ केलं. मध्ये ‘पण’ घातला, आणि तो बरोबर जागी घातला. एकदाही न अडखळता, छताकडे न बघता, मनात मराठी न जुळवता. मी शिक्षिका म्हणून आधी हे टिपलं आणि मग माझ्या लक्षात आलं की संपलं. बाईनं चष्मा घातला, त्याच्याकडे बघून हसली, काहीतरी लिहिलं आणि पडदा बंद झाला. सुखदेव उठला, बाहेरची दस्ती गळ्यात घातली, आणि नाक्यावर गाडी उभी आहे म्हणून निघून गेला. मी त्याला थांबवलं नाही. मला इतकी चीड आली होती.

दोन-तीन दिवसांनी एजंटचा फोन आला. आधी माझ्यावरच उखडला. भाषेला तुमच्या माणसाला सगळ्यांत चांगला शेरा मिळाला म्हणाला, या खेपेला तसा कुणालाच मिळाला नाही. पण नोकरीला अयोग्य. त्याच्या जागी दुसरा घेतला, ज्याला धड चार वाक्यं येत नाहीत, पण नाही म्हणता येतं. आणि मॅडम, एवढं एक तुम्हाला शिकवता आलं नाही का, असंही तो म्हणाला. मी फोन ठेवला.

रविवारी पुसद नाक्यावर गेले. सुखदेवची गाडी उभी होती, आत दोन बाया आणि एक पोतं. मी पुढं त्याच्या शेजारी बसले. एजंटनं त्याला कळवलं होतं. त्याच्या बायकोनं लोकांना सांगून ठेवलं होतं आणि आता तिला तोंड दाखवायला जड जात होतं, हे मावशीकडून मला कळलं होतं. त्याचे डोळे लाल होते. मी सांत्वन करायचं ठरवून आले होते, पण तोंडातून रागच निघाला. म्हटलं, सुखदेव, माझ्या डोळ्यांत बघून तू नाही म्हणत होतास. मग तिथं काय झालं? तुला तो प्रश्न माहीत होता, उत्तर माहीत होतं, ती बाई सोंग करतेय हे माहीत होतं. तुला जायचं होतं ना रे?

“जायचं तं होतंच,” तो म्हणाला. मग बराच वेळ स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्यानं पुसत राहिला. “तुमी बोलत होत्या, मॅडम, तवा मले तो लेसन वाटे. हा शब्द आला, तो शब्द आला, असं. त्या बाईचं तसं नाई झालं. ती बोलली आन मले शब्द आयकूच नाई आले. तिची माय बिमार हाय, एवढंच समजलं. एकदम समजलं. आता समजल्यावर मानसानं नाई कसं म्हनाव?”

बाहेर कुणी अनसिंगचं विचारलं. त्यानं मान वळवून, निंगालीच, बसा, असं सांगितलं आणि पोतं सरकवून जागा केली. माझ्याकडून ही भाषा शिकलेल्या माणसांत जे कुणाचंच झालं नव्हतं ते याचं झालं होतं, मधली मराठी गळून पडली होती, त्या एका गोष्टीसाठी मी आयुष्य घालवलं होतं, आणि त्या गाडीत त्याच्या शेजारी बसून मला एवढंच वाटत होतं की याला मी थोडं कमी शिकवायला हवं होतं.